घोडीची उंची

बँजोची घोडी सुटी असते. ती चिकटवलेली नसते की खिळवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते आणि पाचही तारा एकदम सैल सोडल्या तर आडवी पडते. मेपलच्या लाकडाचा पातळ तुकडा, खाली तीन पाय, वरच्या कडेला आबनुसाची काळी पट्टी, वजन जेमतेम दोन ग्रॅम. तंबोऱ्याच्या रुंद, बैठ्या घोडीची सवय असलेल्या डोळ्यांना ती खेळण्यातली वाटते. सरोद जवळून पाहिलेल्यांना मात्र ओळख पटेल, कारण तिथेही घोडी कातड्यावरच उभी असते आणि तिथेही तिला तारांखेरीज कोणाचा आधार नसतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकासाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर बसून कोणी ‘बेंजो’ वाजवतो तेव्हा त्याच्यापुढे टाइपरायटरसारख्या कळांचे वाद्य असते. त्याचे मूळ जपानी तैशोगोतो, १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी तयार केलेले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले आणि बोलण्यात बेंजो झाले. इथे विषय त्याचा नाही. इथे विषय आहे लांब दांडीच्या, कातडे ताणलेल्या गोल कड्याच्या, चार लांब आणि एक आखूड तार असलेल्या अमेरिकेतल्या बँजोचा. त्यातही फक्त घोडीच्या उंचीचा, आणि ती उंची कोणाच्या हाताने ठरवली याचा.

मी या प्रश्नाकडे वळलो तो मनगटाच्या दुखण्यामुळे. वापरलेला एक पाचतारी बँजो मला मिळाला होता आणि मी तो उघड्या बोटांनी, नखी न घालता, वाजवू पाहत होतो. दोन आठवड्यांत उजवे मनगट संध्याकाळी ठणकू लागले. आधी दोष बसण्याला दिला, मग खुर्चीला, मग वयाला. घोडीकडे लक्ष गेले ते सर्वांत शेवटी. मोजली तर ११/१६ इंच, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर भरली. कातड्यापासून तारा इतक्या वर होत्या की करंगळी कातड्यावर टेकवायची तर ती काठीसारखी सरळ करावी लागे आणि मनगट कमानीसारखे उचलून धरावे लागे. वाद्यात खोट नव्हती. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातासाठी जुळवलेले होते.

तो दुसरा हात कोणता, हे शोधायला बरेच मागे जावे लागते.

सेनेगल, गांबिया आणि गिनी-बिसाऊ या भागातल्या जोला लोकांकडे आकोंटिंग नावाचे तीन तारांचे वाद्य आहे. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर बकऱ्याचे कातडे, त्यातून आरपार गेलेली लांब काठी, आणि तीनपैकी एक तार आखूड, अंगठ्यासाठी राखलेली. तर्जनीच्या नखाची पाठ लांब तारेवर वरून खाली आपटायची आणि अंगठ्याने आखूड तारेचा तोच तो स्वर देत राहायचा, असे त्याचे वादन. गांबियाचे अभ्यासक डॅनियल लाएमुआहुमा जट्टा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस हे वाद्य बँजोच्या अभ्यासकांपुढे आणले तेव्हा अनेकांना धक्का बसला. धक्का आकारापेक्षा हाताचा जास्त होता. अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेतले गोरे म्हातारे ज्या पद्धतीने बँजो वाजवत आले, तीच ही हालचाल. आकोंटिंग हा बँजोचा एकुलता एक पूर्वज आहे असे म्हणता येत नाही. पश्चिम आफ्रिकेत अशा वाद्यांचे मोठे कूळ आहे. पण हाताचे नाते नाकारणे कठीण.

गुलामांच्या जहाजांतून माणसे गेली ती रिकाम्या हातांनी, पण हातांतली हालचाल काढून घेता येत नव्हती. हॅन्स स्लोन १६८७ साली जमैकात गेला आणि १७०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तिथल्या गुलामांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांचे चित्र दिले. दक्षिण कॅरोलायनातले ‘द ओल्ड प्लँटेशन’ हे अठराव्या शतकाच्या अखेरचे जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भोपळ्याच्या बँजोला चार तारा दिसतात आणि त्यांतली एक आखूड आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की व्हर्जिनियाच्या जोएल वॉकर स्वीनी या गोऱ्या वादकाने आखूड पाचवी तार शोधून काढली, ही कथा फार काळ छापली गेली. स्वीनीचा जन्म १८१० चा. चित्र त्याच्या आधीचे आहे. आखूड तार म्हणजे बँजोचा आत्मा, आणि तिचे श्रेय नेमके तिथेच वळवले गेले.

१८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या मंडळीने तोंडाला काळे फासून काळ्या लोकांच्या नकला करण्याचा पूर्ण वेळचा खेळ रंगमंचावर आणला आणि बँजो देशभर गेला. या खेळांबद्दल लिहिताना आजही लेखणी अडखळते. वाद्य, सूर, हात, सगळे काळ्यांकडून घेतलेले. आणि हसायचे त्यांनाच. पण याच लाटेत बाल्टिमोरचे विल्यम बाउचर यांच्यासारखे कारागीर बँजो बनवून विकू लागले आणि शिकवणारी पुस्तके निघाली. १८५५ चे ब्रिग्जचे पुस्तक हे त्यांतले महत्त्वाचे. ते शिकवते ती पद्धत वरून मारण्याचीच आहे, तर्जनीचे नख आणि अंगठा. मोठ्या नाट्यगृहात आवाज पोचावा म्हणून काही वादक तर्जनीवर धातूचे टोपण चढवत, शिंप्याच्या अंगुस्तानाच्या जातीचे.

वरून मारणाऱ्या हाताचे एक वैशिष्ट्य आहे. तो बोट तारेखाली घालत नाही. सगळा हात एकसंध खाली येतो, नख तारेवर आदळते आणि अंगठा आखूड तारेवर विसावतो. तार कातड्यापासून किती वर आहे याची या हाताला फारशी फिकीर नसते. तारा तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्याच्या; मऊ आणि कमी ताणाच्या. दांडीवर पडदे नाहीत. घोडी बुटकी, आणि तीवर कोणाची तक्रार नाही.

तक्रारीला जागा झाली ती बोटे उलट दिशेने वळली तेव्हा. बोटांची टोके तारेखाली घालून वर, तळव्याकडे खेचायची, म्हणजे गिटारसारखे छेडायचे, ही पद्धत १८६० च्या दशकात पुस्तकांत शिरली. फ्रँक कन्व्हर्स हे तिचे मोठे नाव. त्याच्या १८६५ च्या पुस्तकात दोन्ही पद्धती आहेत, मारण्याची आणि ‘गिटार शैली’ची. बहुतेक इतिहास इथे म्हणतात की युरोपीय गिटारच्या वळणाने बँजो सभ्य झाला.

पण कन्व्हर्सने म्हातारपणी, १९०१ च्या सुमारास, एका संगीतमासिकात आठवणी लिहिल्या आहेत. त्यांत तो आपण ऐकलेल्या पहिल्या बँजोविषयी सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी, त्याच्या लहानपणी, एक काळा वादक अधूनमधून येई, गाऊन-वाजवून टोपी फिरवी. त्याच्याकडून शिकण्यासारखे काही नव्हते असे कन्व्हर्स म्हणतो, आणि ओघात नोंदवून जातो की त्याचे वादन अंगठा आणि पहिले बोट एवढ्यापुरतेच होते, दोन्हींनी तारा खेचायचा. नाव विसरलो, असेही लिहितो.

मी ही नोंद पुन्हा पुन्हा वाचली आहे. गिटार शैली पुस्तकांत येण्याच्या कितीतरी आधी एक काळा भटका वादक अंगठा आणि तर्जनीने तार वर खेचत होता, आणि हे ऐकणारा मुलगाच पुढे ‘गिटार शैली’चा प्रचारक झाला. यावरून कन्व्हर्सने चोरी केली असे सिद्ध होत नाही. पण बोटांनी छेडणे ही पार्लरमधली, गोऱ्या सभ्यतेची देणगी, असे जे गृहीत धरले जाते त्याला तडा जातो. माझे मत विचाराल तर दोन्ही हालचाली एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होत्या. लिहिणाऱ्यांनी एकीला ‘मळ्यावरची’ आणि दुसरीला ‘शास्त्रशुद्ध’ असे नाव दिले.

पुढची पंचवीस वर्षे या दुसऱ्या हाताची. फिलाडेल्फियाचे एस. एस. स्टुअर्ट बँजो बनवत, पुस्तके छापत आणि १८८० च्या दशकापासून स्वतःचे नियतकालिक चालवत. वाद्याला मिन्स्ट्रेलच्या चिखलातून काढून दिवाणखान्यात बसवायचे हा त्यांचा ध्यास. त्यांच्या जाहिरातींत ज्याचे नाव अभिमानाने झळके तो होरेस वेस्टन मात्र काळा होता. कनेक्टिकटमध्ये १८२५ साली स्वतंत्र जन्मलेला, दोन्ही पद्धतींत तरबेज, युरोपपर्यंत जाऊन आलेला. लंडनमध्ये जेम्स आणि जॉर्ज बोही हे कॅनडात जन्मलेले काळे बंधू गाजत होते; जेम्सने प्रिन्स ऑफ वेल्सला बँजोचे धडे दिले असे सांगतात. दिवाणखान्यातला हातसुद्धा सरसकट गोरा नव्हता, एवढे यावरून दिसते.

या काळात वाद्य बदलले. दांडीवर धातूचे पडदे आले. तार पडद्यावर दाबायची तर ती दांडीपासून फार वर चालत नाही, आणि बोट तिच्याखाली घालायचे तर ती कातड्याला फार टेकलेलीही चालत नाही. डावा हात एका बाजूला ओढतो, उजवा दुसऱ्या. घोडीच्या उंचीचा सगळा प्रश्न या ओढाताणीत आहे, म्हणून हिशेब थोडा उलगडून सांगतो.

छेडताना बोट असते घोडीपासून थोड्याच अंतरावर, त्यामुळे तिथे तार आणि कातडे यांतली जागा जवळजवळ घोडीच्या उंचीएवढीच असते. घोडी ३ मिलिमीटरने वाढवली की उजव्या हाताला ती सगळी वाढ मिळते. डाव्या हाताला तेवढी मिळत नाही. तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्याशी, निम्मी म्हणजे दीड मिलिमीटर मिळते. पण डाव्या बोटांना दीड मिलिमीटर म्हणजे फार झाले. ते परत मिळवायचे तर दांडीचा कोन थोडा मागे झुकवावा लागतो. जुन्या बँजोत दांडीचेच लाकूड कड्यातून आरपार जाई, तिथे दांडीच्या टाचेखाली पातळ पाचर सारून हे साधत. नव्या बँजोत कड्याच्या आत धातूच्या सळया असतात. त्यांच्या चाक्या फिरवून थोडासा फरक करता येतो, मात्र जास्त फिरवले तर कडेच वाकते. शिवाय घोडी उंच झाली की तारा तिच्यावरून जास्त तीव्र कोनात खाली जातात, कातड्यावरचा दाब वाढतो आणि आवाज बदलतो.

त्यात कातडे खरे कातडे होते, वासराचे. दमट हवेत ते सैल पडे, मध्ये खोल जाई, घोडी त्याबरोबर बुडे आणि तारा पडद्यांवर किरकिरू लागत. कोरड्या हवेत उलटे. पावसाळ्यात ढोलकी उतरते किंवा हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक समजावायला नको. दोन-तीन उंचीच्या घोड्या पेटीत ठेवणे हा त्या काळचा साधा शहाणपणा. कातड्यावर प्लॅस्टिकने मात केली ती थेट १९५० च्या दशकाच्या अखेरीस.

तातीच्या तारा, कातडे आणि अर्ध्या इंचाच्या आसपासची घोडी, या जुळणीत उघड्या बोटांचा हात सुखात होता. करंगळी घोडीजवळ कातड्यावर अलगद टेकलेली, मनगटाला हलकी कमान, बोटे तळव्याकडे मिटणारी. व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हा हात ऐकू येतो. कर्ण्यात ओरडून मुद्रण करायच्या त्या दिवसांत बँजोचा टोकदार आवाज यंत्राला मानवे, म्हणून त्यांची मुद्रणे भरपूर आहेत. व्हॅन एप्स ऑसमनच्या मेणनळ्या ऐकून शिकला आणि १९६० साली वारला. म्हणजे ही परंपरा लोक समजतात तेवढ्या लवकर मेली नाही, फक्त ती ऐकणारे उरले नाहीत.

मग पोलादी तारा आल्या, स्वस्त आणि टिकाऊ. त्यांचा ताण जास्त, आवाज मोठा, आणि उघड्या बोटांच्या कातडीला त्या निर्दय. गिब्सन कंपनी १९१८ पासून बँजोत उतरली आणि तिने कड्यावर धातूचे जड वर्तुळ बसवून वाद्य वजनदार केले. उत्तर कॅरोलायनातल्या कापडगिरण्यांच्या मुलुखात तीन बोटांनी छेडण्याची स्थानिक रीत होतीच. चार्ली पूल हा तिथला गिरणीकामगार. बेसबॉल उघड्या हाताने झेलण्याच्या पैजेत त्याची उजवी बोटे मोडली आणि वाकडीच राहिली, असे सांगतात. त्या वाकड्या बोटांनी त्याने १९२५ साली केलेली तबकडी लाखावर खपली. त्याच राज्यात १९२४ साली जन्मलेला अर्ल स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रोच्या ताफ्यात आला आणि त्या रीतीला त्याने असा वेग दिला की ‘ब्लूग्रास बँजो’ म्हणजे स्क्रग्जचा हात, हे समीकरणच झाले.

स्क्रग्जच्या दोन बोटांवर धातूच्या नख्या आणि अंगठ्यावर आणखी एक. आपल्याकडच्या सतारियाला नखी नवी नाही, पण सतारीच्या तारेखाली कातडे नसते. बँजोवर नखीचे पाते बोटाच्या टोकापुढे काही मिलिमीटर येते आणि घोडी बुटकी असेल तर दर फटक्याला कातड्यावर खरडते. जागा हवी होती. अर्ध्या इंचाची घोडी मागे पडून ५/८ इंचाची रूढ झाली आणि आता काही कारागीर ११/१६ बसवतात. यात आवाजाचाही वाटा आहे, कारण उंच घोडी जास्त दाब देते. सगळे खापर नखीवर फोडणे बरोबर नाही. पण नखी घातलेल्या हाताला ही उंची सोसते, कारण त्याचे बोट पात्याच्या लांबीएवढे लांब झालेले असते. उघड्या हाताला तीच उंची परकी.

माझ्या मनगटाचे कोडे इथे सुटले. तो बँजो स्क्रग्जच्या हातासाठी जुळवलेला होता, कारण दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक पाचतारी बँजो त्याच हातासाठी जुळवलेला असतो. कारखान्याने ‘नेहमीची जुळणी’ म्हणून जी बसवली ती एका विजयी हाताची जुळणी आहे, आणि बाकीचे हात आपापली बोटे चुकीची समजून सोसत बसतात. वरून मारणाऱ्यांची गंमत वेगळी. त्यांतल्या अनेकांना आज उंच घोडीच आवडते, कारण अंगठा आतल्या तारांवर उतरवायला जागा मिळते. म्हणून घोडी उतरवणे हा सर्वांवरचा उतारा नव्हे.

मी काय केले ते सांगतो, पण त्याला उपदेश समजू नका. आधी पोलादी तारा काढून नायलॉनच्या घातल्या. तातीच्या जवळ जाणारा स्पर्श त्यांचाच. मग ५/८ ची घोडी आणली आणि दोन आठवडे तिच्यावर वाजवले. मनगट निम्मे शांत झाले. मग अर्ध्या इंचाची लावून पाहिली आणि फसलो. नायलॉनची तार सैल, झुलते जास्त. इतक्या खाली आल्यावर ती पडद्यांवर आपटू लागली. दांडी पुढे झुकवून ते सुधारता आले असते, पण माझ्या दांडीला ते मानवले नाही. शेवटी ५/८ चीच दुसरी घोडी सपाट लाकडावर काचकागद पसरून पायांकडून घासत गेलो, दर थोड्या वेळाने लावून, वाजवून, पुन्हा काढून. १४ मिलिमीटरला थांबलो. करंगळी वाकलेली राहून टेकते आणि मनगट उचलून धरावे लागत नाही. कड्याच्या धारेवर हाताचा पुढचा भाग कापल्यासारखा दाबला जाई, तिथे कापडाची घडी बांधली. त्याने घोडीइतकाच फरक पडला, हे कबूल करतो.

अशी घोडी बदलताना एक काळजी घ्यावी लागते. सगळ्या तारा एकदम सोडायच्या नाहीत. एकेक सैल करून जुनी काढायची आणि नवी सरकवायची. मग जागा शोधायची. दांडीच्या वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर आणि तिथून घोडीपर्यंतचे अंतर जवळजवळ सारखे हवे. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर जुळला की घोडी जागेवर आली. माझ्या बँजोच्या कातड्यावर तिथे तीन पायांभोवती पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. त्यांच्या अलीकडे, पुसट, आधीच्या कोणा मालकाच्या आणखी तीन आहेत.